सरकारी अनुदान कोणास मिळतें ?



खतें, बियाणीं, कीड व रोग यांविषयीं या मासिकांत दरमहा उपयुक्त मजकूर येतच असतो. आज आम्ही जो विषय अभ्यासासाठीं घेतला आहे, त्याचें पीक शेतांत येत नाहीं, कागदावर येतें. त्याची पेरणी तलाठ्याच्या दप्तरांत होते व कापणी बँकेंत. सरकार शेतकऱ्यास पैसा देतें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु “शेतकरी” म्हणजे नक्की कोण, असें विचारतांच उत्तर देणारे अडखळतात. जमीन ज्याच्या नांवावर तो, कीं जो औत धरतो तो ? ज्याच्या नांवानें ऊंस कारखान्यास जातो तो, कीं जी बाई भांगलण करून तो वाढविते ती ? या प्रश्नाचें उत्तर जसें द्यावें तसा पैसा वाहतो. दांड जिकडे फोडावा तिकडे पाटाचें पाणी जातें, त्यांतलाच हा प्रकार.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. फेरफार, वारसा, पीकपाणी व पूर आला कीं पंचनामे, हेंच आमचें रोजचें काम. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगाव्या, व आमच्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूकही वाचकांपुढें मांडावी, असा या लेखाचा हेतु आहे.

१. अनुदान किती वाटांनीं येतें ?

अनुदान हा शब्द आपण सरसकट वापरतों. परंतु त्याच्या वाटा निरनिराळ्या आहेत, व वाट बदलली कीं घेणाराही बदलतो. हें ध्यानांत ठेवल्यास पुढील सर्व विवेचन सोपें होईल.

पहिली वाट भावाची. युरियाचें ४५ किलोंचें पोतें शेतकऱ्यास २६६ रुपये ५० पैशांस मिळतें. त्याचा खरा खर्च याहून पुष्कळ अधिक असून फरकाची रक्कम सरकार खत-कंपनीस भरून देतें. पैसा कंपनीच्या खात्यांत जातो. परंतु स्वस्ताई पोतें उचलणाऱ्याच्या पदरीं पडते. मग तो जमिनीचा मालक असो अथवा वाट्यानें कसणारा असो. ज्याच्या शेतांत खत जास्त पडतें त्यास या वाटेनें जास्त मिळतें, हा मात्र तिचा दोष.

दुसरी वाट वस्तूची. ठिबक सिंचनाचा संच बसविणाऱ्या अल्प व अत्यल्प भूधारकास केंद्राच्या योजनेंतून ५५ टक्के व इतरांस ४५ टक्के अनुदान असून, राज्यसरकारनें त्यांत भर घालून तें अनुक्रमें ८० व ७५ टक्क्यांपर्यंत नेलें आहे. हा आकडा ऐकून कोणासही वाटेल कीं, लहान शेतकऱ्यास संच जवळजवळ फुकटच पडला. पण व्यवहार असा कीं, बहुधा संच प्रथम पदरच्या पैशानें घ्यावा लागतो व अनुदान तपासणीनंतर मागाहून येतें. ज्याच्या गांठीं सहा महिने थांबण्याइतका पैसा आहे, त्यालाच ही वाट चालतां येते. अनुदानाचें प्रमाण लहानास जास्त, पण पोहोंच मोठ्यास जास्त, असें यांतून घडतें.

तिसरी वाट विजेची. २०२४ च्या एप्रिलपासून महाराष्ट्रांत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस वीजबिल माफ आहे. ज्याची स्वतःची विहीर व स्वतःची मोटर त्यास हें फार उपयोगी. परंतु आमच्या कोल्हापूर जिल्ह्याची रीत निराळी आहे. पंचगंगा, भोगावती, वारणा, दूधगंगा, वेदगंगा या नद्यांच्या कांठीं सहकारी पाणीपुरवठा संस्थांनीं मोठे पंप बसवून शेंकडों लहान शेतकऱ्यांस एका नळानें पाणी दिलें आहे. हे पंप मोठ्या अश्वशक्तीचे असल्यानें या माफींत बसत नाहींत. त्यांना दरांत निराळी सवलत आहे, पण माफी नाहीं. म्हणजे दहा-वीस गुंठ्यांचा धनी, ज्याला स्वतःची मोटर परवडली नाहीं म्हणून जो संस्थेंत सामील झाला, तो पाणीपट्टी भरतो. आणि शेजारचा मोटरवाला भरत नाहीं. हें कोणी मुद्दाम केलें असें नव्हे. नियम लिहितांना “शेतकरी” म्हणजे “एक मोटर, एक मीटर” असें चित्र डोळ्यांपुढें होतें, इतकेंच.

चौथी वाट रोख रकमेची. तिचा विचार आतां स्वतंत्रपणें करूं. पांचवी वाट संकटकाळची, म्हणजे पुराची मदत व कर्जमाफी, तिच्याविषयीं मागाहून.

२. सन्मान निधीचे नियम

प्रधानमंत्री किसान सन्मान निधि ही योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजीं सुरू झाली व ती १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरण्यांत आली. वर्षास सहा हजार रुपये, दर चार महिन्यांनीं दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, थेट बँकेच्या खात्यांत. आरंभीं ही योजना दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरती होती. १ जून २०१९ पासून जमिनीची मर्यादा काढून टाकण्यांत आली. २ ऑगस्ट २०२५ रोजीं विसावा हप्ता देण्यांत आला, त्या वेळीं ९ कोटी ७० लक्षांहून अधिक शेतकऱ्यांच्या खात्यांत सुमारे २० हजार ५०० कोटी रुपये गेले. महाराष्ट्रसरकारनें २०२३ सालीं नमो शेतकरी महासन्मान निधि काढून तितक्याच सहा हजारांची भर घातली. तिचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजीं शिर्डी येथें वांटण्यांत आला. या दुसऱ्या योजनेस निराळी यादी नाहीं. पहिल्या योजनेंत जो पात्र तो दुसरींत पात्र. म्हणजे पहिली यादी चुकली कीं दोन्ही घांस गेले.

आतां पात्र कोण तें पाहूं. नियमाचा गाभा असा : ज्या कुटुंबाच्या नांवें लागवडीयोग्य जमीन सरकारी दप्तरीं नोंदलेली आहे तें कुटुंब. “कुटुंब” म्हणजे पति, पत्नी व अज्ञान मुलें. नवऱ्याच्या नांवें एक गट व बायकोच्या नांवें दुसरा गट असला तरी हप्ता एकच. उलट सज्ञान मुलाच्या नांवें स्वतंत्र जमीन असेल तर तो निराळें कुटुंब होतो.

वगळलेले कोण ? संस्थांच्या जमिनी, घटनात्मक पदें भूषविलेले, आजीमाजी मंत्री, खासदार, आमदार, महापौर व जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, सरकारी व निमसरकारी नोकर, सेवेंत असोत वा निवृत्त, दरमहा दहा हजार वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे, मागील आकारणी वर्षांत आयकर भरलेले, आणि नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते, सनदी लेखापाल व वास्तुविशारद. नोकरांपैकीं चतुर्थ श्रेणीचे मात्र यांतून सुटतात. कुटुंबांतील एक जण जरी वगळलेल्यांत पडला तरी सारें कुटुंब वगळलें जातें. आमच्याच कचेरींतला शिपाई पात्र व त्याच्या शेजारीं बसून नोंदी करणारे आम्ही अपात्र. यांत आम्हांस कांहीं अन्याय वाटत नाहीं. ज्याच्या घरीं महिन्याच्या महिन्यास वेतन येतें त्यानें या पंक्तीस बसूं नये, हें योग्यच आहे.

तथापि पुष्कळ लोक बसले. २०२१ च्या जुलैंत संसदेंत सांगण्यांत आलेल्या माहितीनुसार देशांत ४२ लक्षांहून अधिक अपात्र लोकांस मिळून सुमारे २ हजार ९९२ कोटी रुपये गेले होते. पैकीं महाराष्ट्रांतून वसूल करावयाची रक्कम सुमारे ३५८ कोटी होती. यांत सारेच लबाड नव्हते. अर्ज कोणी भरला, काय लिहिलें, हें न पाहतां अंगठा देणारेही पुष्कळ होते. पैसे परत करण्याची नोटीस आली तेव्हां त्यांस नियम प्रथमच कळला. नियम अर्जाच्या आधीं वाचावा, नोटिशीनंतर नव्हे, हा यांतील धडा.

३. एक हिशेब

विद्यार्थ्यांनीं पुढील हिशेब पाटीवर मांडून पाहावा. दोन्ही योजना मिळून वर्षास बारा हजार रुपये. दहा गुंठ्यांच्या धन्यास गुंठ्यामागें १,२०० रुपये पडले. पांच एकरांच्या, म्हणजे दोनशें गुंठ्यांच्या धन्यास गुंठ्यामागें ६० रुपये. दर खात्यास सारखी रक्कम दिल्यानें लहानास प्रमाणानें जास्त मिळालें. हें या पद्धतीचें भूषण होय.

तेलंगणानें २०१८ सालीं रयतु बंधु योजना काढली ती याच्या उलट होती. तेथें एकरामागें हंगामास चार हजार, व पुढें पांच हजार रुपये देत, आणि जमिनीस मर्यादा नव्हती. त्या पांच हजारांच्या दरानें दोन हंगामांचे मिळून दहा गुंठेवाल्यास वर्षास अडीच हजार व चाळीस एकरवाल्यास चार लाख ! पैसा तोच, पण माप बदललें कीं कोणाची पिशवी भरते पाहा.

आतां दुसरा हिशेब. तिघा भावांची मिळून तीस गुंठे जमीन आहे. तिघांचीं खातीं निराळीं असल्यास घरांत छत्तीस हजार येतील. सारी जमीन एकट्या थोरल्याच्या नांवें असल्यास बारा हजार येतील. आणि तो थोरला सरकारी नोकर असल्यास ? एक पैसाही येणार नाहीं. हें तिसरें उत्तर आम्हीं पुस्तकांतून काढलेलें नाहीं.

४. आमच्या घरचें उदाहरण

आमचे वडील २००४ सालीं वारले. पंचगंगेकांठीं दीड एकर जमीन. मागें आम्ही दोघे भाऊ व एक बहीण. थोरले आम्ही, सबब “एकत्र कुटुंब मॅनेजर” म्हणून आमचें एकट्याचें नांव सातबारास लागलें. त्या काळीं पुष्कळ घरांत असेंच करीत. धाकटे बंधु शेत पाहूं लागले, आम्ही नोकरीवर राहिलों, बहीण सासरीं नांदत होती. कोणाची तक्रार नव्हती. जेथें तक्रार नाहीं तेथें कागदाची आठवण कोण करतो ?

ऑगस्ट २०१९ मध्यें महापूर आला. आमच्या शेतांत कित्येक दिवस पाणी उभें राहून ऊंस कुजला. तो लावण्याचा खर्च बंधूंचा, भांगलण वहिनींची, आणि पंचनाम्यावर नांव आमचें. मदतीची रक्कम आमच्या खात्यांत आली. ती आम्हीं त्याच दिवशीं बंधूंच्या हातीं दिली, यांत मोठेपणा कांहीं नाहीं. परंतु मनांत आलें, आम्हीं न देतों तर ? बंधूंनीं कोणत्या कागदाच्या आधारें ती मागितली असती ?

त्याच सुमारास सन्मान निधीचे अर्ज चालू होते. आम्ही अपात्र हें उघडच होतें. बंधु अपात्र ठरले, कारण त्यांचें नांवच दप्तरीं नव्हतें. तेव्हां जागे होऊन २०२० सालीं आम्हीं तिघांचीं नांवें लावून वांटणी करून घेतली व प्रत्येकाच्या नांवें वीस गुंठे झाले. बंधूंनीं अर्ज केला; पण तो नाकारला गेला. मूळ नियम असा कीं, १ फेब्रुवारी २०१९ रोजीं दप्तरीं जें नांव असेल तेंच धरावें. त्यानंतरचा बदल धरूं नये. अपवाद एकच, धारकाच्या मृत्यूमुळें वारसानें आलेली जमीन. आमची २०२० ची नोंद वांटपाची. ती अपवादांत बसेना. ज्यानें नाकारलें त्यानें नियमाप्रमाणें नाकारलें; त्याच्या जागीं आम्ही असतों तर तेंच केलें असतें. पहिल्या हप्त्यापासून विसाव्या हप्त्यापर्यंत चाळीस हजार रुपये व राज्याचे हप्ते निराळे, इतकें आमच्या आळसानें बंधूंचें गेलें.

बंधु रागावले नाहींत. एके संध्याकाळीं गोठ्यांत धार काढतां काढतां एवढेंच म्हणाले, “अण्णा, साऱ्या गावच्या वारसा लावल्यासा, घरचीच तेवढी ऱ्हायली बघा.” त्या वाक्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, व आजही नाहीं. या लेखाचें खरें कारण तेंच आहे.

५. धारक व कसणारा

आमच्या घरीं निदान दोघे एका रक्ताचे होते. जेथें धारक व कसणारा परके असतात तेथें काय होतें तें आतां पाहूं. गांवोगांवीं नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस गेलेल्यांची जमीन गांवांतला कोणीतरी वाट्यानें अगर फाळ्यानें करतो. हा व्यवहार तोंडी असतो. लेखी कां नाहीं ? याचें कारण इतिहासांत आहे. १९४८ सालीं मुंबई राज्यांत कूळकायदा झाला. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं त्या राज्यांत विलीन झालें. आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं कसणारीं कुळें जमिनीचीं मालक मानलीं गेलीं. त्या कायद्यानें हजारों कष्टकऱ्यांस जमीन दिली, हें त्याचें पुण्य निर्विवाद आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी कीं, तेव्हांपासून जमीनधारकाच्या मनांत कागदाची धास्ती बसली. कसणाऱ्याचें नांव कोठेंही येऊं द्यावयाचें नाहीं, हा घरोघरचा अलिखित नियम झाला.

परिणाम असा कीं, वाट्यानें कसणाऱ्यास सन्मान निधि नाहीं, त्याच्या स्वतःच्या नांवें पीककर्ज मिळणें दुरापास्त, आणि पूर आला तर पंचनाम्यांत धन्याचें नांव. खर्च त्याचा, घाम त्याचा, नुकसान त्याचें. भरपाई मात्र ज्याच्या पायास त्या वर्षीं चिखल लागला नाहीं त्याची. कांहीं भले धनी ती रक्कम कसणाऱ्यास देतात. पण भलेपणावर चालणारी व्यवस्था म्हणजे बांध नसलेलें शेत. पाऊस बेताचा असतो तोंवर तें टिकतें.

ही अडचण केवळ आपली नव्हे. अमेरिकेंत १९३३ सालीं कपाशीचें क्षेत्र कमी करण्यासाठीं सरकार पैसे देऊं लागलें, तेव्हां ते जमीनमालकाच्या हातीं जात. वाटेकरी कुळांस त्यांतला हिस्सा द्यावा असें ठरलें होतें. पण अनेक मालकांनीं तो दिला नाहीं, व क्षेत्र कमी झाल्यानें कुळांस जमिनीवरूनच घालविलें. युरोपांतही शेतीच्या थेट मदतीपैकीं सुमारें ८० टक्के रक्कम सुमारें २० टक्के खातेदारांकडे जाते, अशी तेथील ओरड पुष्कळ वर्षांची आहे. आपल्या देशांत ओडिशानें २०१९ च्या सुमारास कालिया योजना काढून भूमिहीन शेतमजूर कुटुंबांसही १२,५०० रुपयांची मदत ठेवली होती. आंध्रांत त्याच वर्षीं सुरू झालेल्या रयतु भरोसा योजनेंत मागासवर्गीय व अल्पसंख्य खंडकरी शेतकरी घेतले होते. पश्चिम बंगालनें नोंदलेल्या बर्गादारांस आपल्या कृषकबंधु योजनेंत स्थान दिलें. कसणाऱ्यास मोजणें कठीण आहे, पण अशक्य नाहीं, हें यावरून सिद्ध होतें. मोजण्यासाठीं आधीं त्याचें नांव कोठेंतरी लिहिलेलें असावें लागतें. नीति आयोगानें २०१६ सालीं शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा सुचविला, त्याचा आशय हाच : मालकाची मालकी अबाधित राहावी व कसणाऱ्याच्या हातीं कर्ज, विमा व मदत यांपुरता कागद असावा.

स्त्रियांची गोष्ट याहून निराळी नाहीं. आमच्या भागांत भांगलण, लावण, गुरांचें वैरणपाणी यांतलें निम्म्याहून अधिक काम बायकांच्या हातचें; परंतु खातेउताऱ्यावर त्यांचीं नांवें बहुधा नवरा वारल्यानंतरच येतात. पतीच्या अर्जावरून पत्नीचें नांव सातबारास सहहिस्सेदार म्हणून लावण्याची लक्ष्मीमुक्तीची सोय १९९२ पासून आहे. तिचा उपयोग किती घरांनीं केला, हें प्रत्येकानें आपल्या घरापुरतें पाहावें.

६. कर्जमाफीचा कोल्हापुरी धडा

२००८ सालीं केंद्रसरकारनें मोठी कर्जमाफी केली. दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांचें थकीत कर्ज पूर्ण माफ, व त्यावरील शेतकऱ्यांनीं ७५ टक्के भरल्यास २५ टक्क्यांची सूट. पुढें २०१३ सालीं महालेखापालांचा अहवाल आला. त्यांनीं नमुन्यादाखल तपासलेल्या खात्यांपैकीं सुमारें २२ टक्के खात्यांत चुका आढळल्या. माफी मिळालेल्यांत कांहीं अपात्र होते, आणि माफी न मिळालेल्यांत कांहीं पात्र होते. एकाच चाळणींतून खडे खालीं गेले व दाणे वर राहिले.

आमच्या जिल्ह्यांत तर निराळाच घोळ झाला. उंसास एकरीं किती कर्ज द्यावें याची एक कमाल मर्यादा ठरलेली असते. कित्येकांस त्या मर्यादेहून जास्त कर्ज दिलें गेलें होतें. तें माफ झाल्यावर तपासणींत, मर्यादेबाहेरचें कर्ज माफीस अपात्र, असा निर्णय नाबार्डनें दिला. आणि आलेली सुमारें ११२ कोटींची रक्कम परत घेतली गेली. चव्वेचाळीस हजारांहून अधिक शेतकऱ्यांच्या डोक्यावर माफ झालेलें कर्ज पुन्हां उभें राहिलें. शेतकऱ्यांस न्यायालयांत जावें लागलें. मुंबई उच्च न्यायालयानें २०१७ सालीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला व वाद पुढें सर्वोच्च न्यायालयांत गेला. कर्ज किती द्यावें हें शेतकऱ्यानें ठरविलें नव्हतें. पण जाच त्याला झाला. कर्जाच्या कागदावर सही करतांना मर्यादेचा आकडा विचारून घ्यावा, हा याचा बोध.

दुसराही एक प्रश्न येथें उभा राहतो. जो प्रामाणिकपणें दरवर्षीं कर्ज फेडतो त्यास काय ? कोल्हापुरांत विकास सोसायटीचें कर्ज उंसाच्या बिलांतून वळतें होतें. त्यामुळें थकबाकीदार थोडे. माफी आली कीं थकलेल्यास मिळे व फेडणारा पाहात राही. महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ति योजनेखालीं २०२२ सालीं नियमित फेड करणाऱ्यांस पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम देण्यांत आली. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांपैकीं कोणत्याही दोन वर्षांत नियमित फेड झालेली असावी, अशी अट होती. फेडणाऱ्याची दखल घेतली गेली, हें चांगलें झालें.

७. आतां काय करावें ?

नियम बदलणें आपल्या एकट्याच्या हातीं नाहीं. पण नियमांत बसण्याजोगा कागद तयार ठेवणें आहे. सबब पुढील गोष्टी प्रत्येकानें कराव्या.

(अ) वर्षांतून एकदां आपला सातबारा व आठ-अ काढून घरांतील सर्वांसमोर मोठ्यानें वाचावा. क्षेत्र, नांव, वडिलांचें नांव हीं आधारपत्रांतील नांवांशीं जुळतात कीं नाहीं तें पाहावें. संगणकावर उतरवितांना झालेली लेखनाची चूक तहसीलदारांकडे महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खालीं अर्ज करून दुरुस्त करतां येते.

(आ) घरांत मृत्यु झाल्यास तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारसाची वर्दी द्यावी. मुलींचीं व विधवेचीं नांवें गाळूं नयेत. “बहिणीचें नांव मागाहून काढून टाकूं” म्हणून आधींच न लावणें हा कायद्याचा व नात्याचा दोहोंचाही भंग आहे. मयत खातेदारांच्या वारसनोंदींसाठीं २०२५ च्या एप्रिलपासून “जिवंत सातबारा” मोहीम राबविण्यांत आली, यावरून अशा किती नोंदी पडून होत्या याची कल्पना येईल.

(इ) “एकत्र कुटुंब मॅनेजर” अशी नोंद असल्यास ती आजच तपासा. सर्व सहधारकांचीं नांवें लावून घ्या. सर्वांची संमति असेल तर कलम ८५ खालीं तहसीलदारांकडून वांटप करून घेतां येतें. भाऊ-भाऊ गोडीनें नांदत आहेत म्हणून थांबूं नका. गोडी असते तेव्हांच हें काम स्वस्तांत व शांतपणें होतें.

(ई) बँकखातें आधारास जोडलेलें असावें, ओळखपडताळणी पूर्ण असावी, व शेतकरी ओळख क्रमांक काढलेला असावा. महाराष्ट्रांत १५ एप्रिल २०२५ पासून कृषियोजनांच्या लाभासाठीं हा क्रमांक आवश्यक केला आहे. पात्र असूनही हप्ता थांबला असेल तर बहुधा यांपैकींच एखादी कडी तुटलेली असते.

(उ) आपण अपात्र असून हप्ता येत असेल तर नोटिशीची वाट न पाहतां परत करावा.

(ऊ) जमीन दुसऱ्यास वाट्यानें दिली असेल तर पीकनुकसानीची मदत आल्यास तींतील वांटा किती व कोणाचा, हें पेरणीपूर्वींच चार माणसांसमोर ठरवावें. कायदा येईल तेव्हां येईल. न्यायबुद्धीस कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

असो. सरकारचा पैसा हा शेवटीं रयतेचाच पैसा. तो पुरेसा आहे कीं नाहीं, यावर मतभेद होतील; पण जो आहे तो ज्याच्या श्रमावर शेत उभें आहे त्याच्या घरीं जावा, यावर कोणाचा मतभेद नसावा. आम्हीं तीस-पस्तीस वर्षें दुसऱ्यांच्या नोंदी केल्या व आपल्या घरची विसरलों. वाचकांनीं तरी असें करूं नये, एवढीच विनंति.

अभ्यासार्थ प्रश्न

१. आपल्या घरच्या सातबारावर किती नांवें आहेत ? शेतांत प्रत्यक्ष राबणारीं माणसें किती ? दोन्ही याद्या शेजारीं लिहून फरक दाखवा.

२. चार भावांची एक एकर जमीन एकाच्याच नांवें आहे व तो आयकर भरतो. दोन्ही योजनांत वर्षास त्या घराचें किती नुकसान होतें ? चौघांचीं नांवें १ फेब्रुवारी २०१९ पूर्वींच स्वतंत्र लागलेलीं असतीं तर घरांत किती रक्कम आली असती ? (येथें बाकीचे तिघे पात्र धरावे.)

३. भावांतील सवलत व खात्यांतील रोख रक्कम यांपैकीं वाट्यानें कसणाऱ्यापर्यंत कोणती पोहोंचते ? कारण द्या.

४. आपल्या गांवांत वीजबिलमाफीचा लाभ कोणास होतो व पाणीपुरवठा संस्थेच्या सभासदास कोणता होतो, याची तुलना करा.

५. गेल्या पुराच्या वेळीं आपल्या गांवांतील पंचनाम्यांत ज्यांचीं नांवें आलीं त्यांपैकीं किती जण त्या वर्षीं स्वतः शेत करीत होते ? ही चौकशी कोणास न दुखवितां करावी.